फ्रीस्टाइलची किक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पोहायच्या तलावावर पहाटेच्या बॅचला येणाऱ्या मोठ्या माणसांत दोन जाती असतात. एक, लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले. दुसरी, डॉक्टरांनी गुडघ्याकडे बघून ‘आता पोहा’ म्हटल्यावर आलेले. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं पडून हात आलटून-पालटून फिरवत पोहताना, दोघांचेही हात दोन-तीन महिन्यांत बरे चालू लागतात, घोडं अडतं ते पायांपाशी. मी पहिल्या जातीतला. प्रशिक्षक नाही, पण बारा वर्षं त्याच लेनमध्ये भिजतोय. कपडे बदलायच्या खोलीत हेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की एकदाचे लिहून टाकावेत म्हटलं.

जीव तोडून पाय मारतो, पण किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरला की जागचा हलत नाही. एकदा तर मागे गेलो. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्यात एक गृहस्थ आहेत, रविवारी येऊरच्या चढावर सायकल दामटणारे. पोटऱ्या म्हणजे नुसतं लोखंड. त्यांनी बोर्ड धरला, भिंत सोडली आणि पाणी असं उडवलं की शेजारच्या लेनमधल्या काकू थांबून बघायला लागल्या. मिनिटभराने गृहस्थांची पावलं कशाला तरी टेकली. बघतात तर तीच भिंत!

दोष ताकदीचा नव्हता, घोट्यांचा होता. उभं राहिल्यावर पाऊल नडगीशी काटकोनात असतं. पाण्यातही ते तसंच राहिलं, तर गुडघा दुमडताना आकड्यासारखं पाणी डोक्याच्या दिशेने ओढतं. पाणी पुढे गेलं की तुम्ही मागे. पाऊल मागे सैल पडलेलं असलं तर पावलाची वरची बाजू, म्हणजे जिथे चपलेचा पट्टा येतो ती, पाण्याला मागे लोटते. सायकलवाले आणि धावणारे बहुतेक इथेच फसतात. त्या खेळांना ताठ घोटा लागतो, या खेळाला ढिला.

किक गुडघ्यातून मारायची की मांडीतून?

खुब्यातून. ‘किक’ या शब्दानेच आपला घात केलाय. आमच्या पिढीला किक म्हटलं की बजाजची स्कूटर आठवते: गुडघा वर, मग दाणकन खाली. पाण्यात हे केलं की मांडी पोटाखाली पुढे येते आणि समोरून येणाऱ्या पाण्याला आडवी उभी राहते. हाताने कमावलेलं सगळं मांडी अडवते.

हालचाल कमरेच्या सांध्यापाशी सुरू व्हायला हवी. मांडी किंचित खाली जाते, तिच्यामागून गुडघा, त्याच्यामागून पाऊल. चाबूक ओढतो तसं. मुठीजवळ हालचाल जेमतेम असते, टोकाला फटका असतो. गुडघा वाकतो, पण पाण्याच्या दाबाने, आपण वाकवायचा म्हणून नाही. आणि पाय वर येताना जवळजवळ सरळ यायला हवा. ही परतीची बाजू बहुतेकांच्या गावीच नसते. सगळे खाली मारण्यात गुंग, आणि वर येताना टाच पार्श्वभागाकडे.

गुडघा जास्त वाकतोय का हे ओळखायची खूण सोपी आहे. मागून बघणाऱ्याला तुमचा अख्खा तळवा आणि अर्धी पोटरी हवेत दिसली, तर वाकतोय. दिसायला फक्त टाचा हव्यात, त्याही ओझरत्या.

किती मोठी मारायची?

दोन पावलांमध्ये दीड-दोन वितींचं अंतर. त्याहून जास्त उघडलंत तर पाय तुमच्या अंगाच्या सावलीबाहेर जातात आणि पाणी अडवू लागतात. मागच्या पाण्याला चहाच्या आधणासारखी बुडबुड उकळी आली पाहिजे. धबधबा दिसला तर तुम्ही हवेला लाथा मारताय, आणि हवेला लाथ मारून आजवर कुणी पुढे गेलेलं नाही.

घोटे ताठ आहेत. या वयात सैल होतील?

होतील, हळूहळू. यासाठी आपल्याकडे घरातच एक औषध आहे: वज्रासन. टाचांवर बसलं की पावलाचा वरचा भाग जमिनीला टेकतो आणि घोट्याची पुढची बाजू ताणली जाते. किकला नेमकी तीच ढिलाई हवी असते. जेवणानंतर बातम्या बघताना सुरुवातीला अर्धा मिनिट, मग एक, मग दोन. गुडघा दुखत असेल तर टाचा आणि मांड्यांमध्ये उशी घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर हे सोडाच. खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पाऊल खाली दाबा आणि गोल फिरवा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. पाऊल सैल सोडायचं म्हणजे अंगठा नर्तिकेसारखा ताणून धरायचा नाही. ताणून धरलेला घोटाही ताठच. मी हीच चूक एक अख्खा उन्हाळा केली. चवडा ताणायचो आणि तिसऱ्या लॅपला तळव्यात गोळा. पाऊल ताणायचं काम पाण्यावर सोपवा. तुम्ही फक्त अंगठे एकमेकांकडे जरासे आत वळवा, इतके की जाता-येता एकमेकांना घासतील.

पोटरीत गोळा येतो. केळं खाऊ का?

खा, केळं वाईट नाही. पण आमच्या बॅचमधले बहुतेक गोळे वरच्या चुकीतून येतात: ताणलेला चवडा, थंड पाणी आणि गरम न होता थेट जोर. गोळा आला तर कडेला या, पाऊल हाताने धरून नडगीकडे ओढा, सुटेपर्यंत धरा. खोल भागात आला तर आधी पाठीवर पडा, मग बाकीचं. रोजच येत असेल तर डॉक्टरांना विचारा, मला नको.

पाय मारले की दम लागतो. न मारता चालणार नाही का?

मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. ते जोरात चालवले की प्राणवायू पितात, आणि त्या मानाने पुढे फारसे नेत नाहीत. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बरंचसं काम हातांचं. मग पाय कशाला? मागचा भाग वर ठेवायला, अंग डावी-उजवीकडे वळतं तेव्हा तोल सांभाळायला, आणि शर्यतीत शेवटचा जोर लावायला.

म्हणून तासभर शांतपणे पोहायचं असेल तर पायांचं पहिलं काम एवढंच: अडथळा होऊ नका. मला सुरुवातीला शिकवणारे सर काठावरून एकच ओरडायचे, ‘जोर लावा, जोर!’ मी लावला. चार महिने लावला. पन्नास मीटरनंतर कडेला धरून मासळीसारखा तोंड उघडून श्वास घ्यायचो. मग एका सकाळी खांदा दुखत होता म्हणून मुद्दाम आळशीपणे, पाय जेमतेम हलवत निघालो, आणि न थांबता सहा लॅप झाले. त्या दिवशी मला काय कळायचं ते कळलं.

टू-बीट, फोर-बीट, सिक्स-बीट म्हणजे काय? मी कोणती मारू?

दोन्ही हातांचा एकेक फेरा पूर्ण होईपर्यंत पाय किती ठोके देतात, तो हा आकडा. सिक्स-बीट म्हणजे एका हाताला तीन ठोके, टू-बीट म्हणजे एका हाताला एकच.

सिक्स-बीट समजावायला मला तबला शिकलेल्या एका मुलीने वाट दाखवली. ती म्हणाली, ‘काका, हा दादराच आहे की!’ खरंच आहे. धा धिं ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. उजवा हात पाण्यात शिरतो त्या क्षणी पहिला ‘धा’, आणि तो डाव्या पायाचा. मग ‘धिं’ उजवा, ‘ना’ डावा. आता डावा हात शिरतो, दुसरा ‘धा’ उजव्या पायाचा, ‘ती’ डावा, ‘ना’ उजवा. दोन्ही ‘धा’ जरा ठसठशीत, बाकीच्या मात्रा हलक्या. पाय आपोआप आलटून-पालटून येतात, मोजावे लागत नाहीत. त्या दिवसापासून मी मनात दादरा धरून पोहतो. ठेका चुकला की कळतं, कारण अंग वळायचं थांबतं.

टू-बीटमध्ये मधल्या मात्रा गाळायच्या आणि फक्त दोन ‘धा’ ठेवायचे. उजवा हात आत, डावा पाय खाली. डावा हात आत, उजवा पाय खाली. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. पहिले काही आठवडे त्याच बाजूचा हात आणि पाय एकत्र जातात, नवशिक्या कवायतीत होतं तसं. फोर-बीट या दोघांमधली. बऱ्याच जणांची ती नकळत होते, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला तीन अशी.

कोणती बरी याचं उत्तर अंतरावर आहे. ५० आणि १०० मीटरला जगभर सिक्स-बीटच दिसेल. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेणारा इयन थॉर्प त्या अंतरालाही सिक्स-बीट मारायचा. पण त्याच्या बुटाचं माप १७ होतं, म्हणजे निसर्गाने फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) देऊनच पाठवला होता. उलट २०१६ ला रिओमध्ये १५०० मीटर जिंकणारा इटलीचा ग्रेगोरिओ पाल्त्रिनिएरी हात भराभर फिरवतो आणि पाय जपून वापरतो. तुम्ही-आम्ही ऑफिस गाठायच्या आधी एक किलोमीटर पोहणारी माणसं. आपल्याला हलका दादरा किंवा टू-बीट, जे अंगाला पटेल ते.

श्वास घ्यायला वळलो की पाय कात्रीसारखे फाकतात. कसं थांबवू?

हे पायांचं दुखणंच नाही. पाय बिचारे तोल सावरतायत. तुम्ही लोकलच्या दारात उभे आहात आणि गाडीने झटका दिला, तर पाय आपोआप फाकतात ना? तसंच. झटका कुठून येतो ते शोधा. बहुतेकदा दोनपैकी एक असतं: श्वास घेताना डोकं वर उचललं जातं, किंवा पुढे लांब केलेला हात आधारासाठी खाली दाबला जातो. कधी तोच हात नाकासमोरून पलीकडे जातो आणि अंग वाकतं.

उपाय असा. एका कुशीवर पडा, खालचा हात डोक्याच्या सरळ रेषेत पुढे, वरचा हात मांडीवर. चेहरा खाली, पाय हलके चालू. श्वास हवा झाला की डोकं फक्त फिरवा, गॉगलची एक काच पाण्यातच राहू दे. वीस-पंचवीस मीटर एका कुशीवर, परतताना दुसऱ्या. पहिल्यांदा नाकात पाणी जाईल, शेजारचे हसतील. फिन्स घालून केलं तर सोपं जातं. श्वास घेतानाही पायांचे अंगठे एकमेकांना लागत राहिले, म्हणजे कात्री मिटली.

विहिरीत शिकलोय. पाय बेडकासारखेच जातात.

माझेही जायचे. विहिरीत डोकं वर ठेवून हुंदडायचं असतं, तिथे बेडूकपायच कामाचे. ती सवय मोडू नका, ब्रेस्टस्ट्रोकला लागेल. फ्रीस्टाइलसाठी पाठीवरची किक करा. पाठीवर झोपा, हात मांडीशी, पाय वर-खाली. गुडघे पाण्याबाहेर डोकावायला लागले की लगेच दिसतात आणि चूक आपली आपल्याला सापडते. पालथं असताना पाय दिसतच नाहीत, मग सुधारणार काय?

किकबोर्ड वापरावा की नाही?

वापरा, पण त्यावर रेलू नका. बोर्डवर कोपर टेकून, मान वर काढून, शेजारणीशी सोसायटीच्या मीटिंगबद्दल बोलत जाणारी मंडळी प्रत्येक पुलात असतात. मान वर गेली की कंबर खाली जाते, पाय चढावर मारल्यासारखे मारावे लागतात, आणि घरी गेल्यावर पाठ दुखते. बोर्डचं मागचं टोक धरा, हात सरळ ठेवा, चेहरा पाण्यात. श्वासापुरतं डोकं वर. बोर्डशिवाय, नुसते हात पुढे जोडून केलं तर आणखी चांगलं.

आणि तलावाचा बोर्ड घ्यायचा तर कडा कुरतडलेला नाही बघून घ्या. आमच्याकडे अर्ध्या बोर्डांना कुणीतरी चावल्यासारखं दिसतं. कोण चावतं, मला आजवर कळलेलं नाही.

फिन्स घेऊ का? लांब की आखूड?

आखूड. लांब फिन्स डायव्हिंगवाल्यांच्या, त्यांनी ठेका मंदावतो आणि गुडघ्यावर ताण येतो. आखूड फिन्स घातल्या की घोटा आपोआप मागे पडतो आणि खुब्यातून मारणं म्हणजे काय ते अंगाला समजतं. माप बरोबर घ्या. सैल असली तर टाचेला फोड येतो, घट्ट असली तर बोटं बधिर. पोहण्याच्या एकूण वेळातला थोडाच वेळ घाला, नाहीतर काढल्यावर पाय गायब झाल्यासारखे वाटतात. गर्दीच्या बॅचमध्ये फिन्स चालतात का, ते आधी जीवरक्षकाला विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, आणि तेही बरोबरच आहे. एकदा माझ्या बरगडीला एक लागलीय.

माझ्या नवऱ्याचे पाय बुडतात, माझे तरंगतात. तरी तो मला शिकवतो!

त्यांना हे वाचायला द्या. फुप्फुसं म्हणजे छातीतली हवेची पिशवी, त्यामुळे छाती वर आणि पाय खाली असा सगळ्यांचाच कल असतो. पुरुषांच्या मांड्यांत साधारणपणे चरबी कमी, म्हणून ते लवकर बुडतात. बायकांना निसर्गाने इथे झुकतं माप दिलंय. तुम्हाला जास्त किक मारायची गरजच नाही. त्यांनी मात्र नजर सरळ तळाकडे ठेवावी आणि छाती थोडी पाण्यात दाबावी. पाय वर आणायचा हा मार्ग लाथा मारण्यापेक्षा स्वस्त आहे.

पाण्यात उभं राहून किक मारतात ते कशासाठी?

माझा सगळ्यात आवडता व्यायाम, आणि फक्त खोल पाण्यात सावरता येणाऱ्यांसाठी. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे तरंगा, हात छातीवर घडी घाला, आणि फक्त पाय छोटे-छोटे, भराभर हलवून तोंड पाण्यावर ठेवा. पंधरा-वीस सेकंद, मग तेवढीच विश्रांती, पाच-सहा वेळा. सायकल चालवलीत की बुडता. फक्त पुढे मारलंत की मागे कलंडता. दोन्ही बाजूंना सारखा जोर लागला तरच सरळ राहता. पाणी इथे काही खपवून घेत नाही. जीवरक्षकाला आधी सांगून करा, नाहीतर तो बांबू घेऊन धावत येतो. हेही अनुभवाने.

पाऊण तासाच्या बॅचमध्ये किकला किती वेळ द्यावा?

दहा मिनिटं, पण रोज. दोन लॅप पाठीवर, दोन कुशीवर, दोन चेहरा पाण्यात ठेवून, थोडी उभी किक. लगेच फ्रीस्टाइलचे दोन लॅप, म्हणजे पाय जे शिकले ते हातांच्या सोबत बसतं. रविवारी एकदम तासभर किक मारून सोमवारी जिना चढता येत नाही, त्याचा उपयोग शून्य.

शक्य असेल तर कुणाकडून तरी पायांचं चित्रण करून घ्या. फक्त बऱ्याच तलावांवर मोबाइलला बंदी असते, तेव्हा परवानगी घेऊन, रिकाम्या वेळी. मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं कुणीतरी बुडतंय.

सुरुवातीला भिंत ढकलल्यावर पाण्याखाली कोणती किक?

स्पर्धक डॉल्फिन मारतात, दोन्ही पाय एकत्र. नियमानुसार १५ मीटरच्या आत डोकं वर यावं लागतं. आपण अंग बाणासारखं करून सरकायचं आणि वेग कमी व्हायच्या आत हलकी किक सुरू करायची. श्वास रोखून लांब जाण्याच्या पैजा एकट्याने अजिबात लावू नका. त्यात चांगले पोहणारेही शुद्ध हरपून बुडतात.

मुलीला समुद्रातल्या स्पर्धेत उतरायचंय. तिची किक वेगळी हवी का?

मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची स्पर्धा असो, की पुढे कधी धरमतर ते गेटवे, लांब पल्ल्याला पाय राखून ठेवायचे असतात. टू-बीट तिला आत्ताच शिकू द्या. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे पाय वर ठेवायला मदतच होते. पण सिक्स-बीटही सोडू देऊ नका. सुरुवातीच्या घोळक्यातून सुटायला आणि लाट आडवी आली की तीच लागते. बाकी भरती-ओहोटी, सोबतची होडी, जेलीफिश हे तिच्या सरांचं खातं.

तलाव दुरुस्तीला बंद आहे. तोवर काय करू?

पलंगाच्या कडेवर पालथे पडा, कमरेपासून खालचा भाग बाहेर, आणि गुडघे सरळ ठेवून पाय वितभर वर-खाली. वीस-वीसचे तीन फेरे. घरच्यांना आधी कल्पना द्या. दिवसभर खुर्चीत बसून जांघेचा पुढचा भाग आखडतो आणि मग खुब्यातून किक येतच नाही, म्हणून एक गुडघा जमिनीवर टेकून कंबर पुढे ढकलायचा ताण रोज द्या. वज्रासन चालूच ठेवा. आणि ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडत असाल, आणि बसायला मिळालंच, तर बूट सैल करून सीटखाली घोटे फिरवत बसा. तुर्भ्यापर्यंत दोन्ही पायांचे शंभर-शंभर फेरे होतात. समोरच्याला पाय लागला तर हात जोडा, तो समजून घेतो.